तांब्याचा हंडा, आयसीयूचा कठडा आणि सांगोल्याचं डाळिंब

विचारा तर खरं! : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की तांब्याच्या उघड्या पृष्ठभागावर बरेचसे रोगजंतू काही तासांत मरतात, आणि त्यावर एवढे मेसेज नि पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकते. काहींनी खुशीत लिहिलंय की बघा आमची आजी बरोबर होती, काहींनी रागात विचारलंय की मॅडम, आयुष्यभर मायक्रोबायोलॉजी शिकवून आता तुम्ही पण आजीबाईचा बटवा विकायला बसलात का. दोघांनाही खाली थोडं थोडं मिळेल. प्रश्न जरा छाटलेत, नावं सांगितल्याप्रमाणे गाळलीत.

प्रश्न : आम्ही शेळगीकडं राहतो. नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं, ते बघितलंच असेल तुम्ही. सासूबाई म्हणतेत की तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलं की पाच दिवस पाण्याला काय होत नाही, गाळायला नको उकळायला नको. मिस्टर त्याच्या पुढं, ते म्हणतेत गच्चीवरच्या टाकीतच तांब्याची एक पट्टी सोडून देऊ, कामच संपलं. कोण बरोबर? (एक सून, शेळगी)

उत्तर : ताई, सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, आणि अर्धं बरोबर माणूस म्हणजे घरातल्या वादातली सगळ्यात अवघड केस.

आधी त्यांची बाजू. बंगळुरूच्या एका आयुर्वेद संशोधन संस्थेतल्या लोकांनी याची नीट परीक्षा घेतलीय, २०१२ साली ते छापून आलं. पाण्यात मुद्दाम कॉलऱ्याचे, टायफॉइड-पॅराटायफॉइडचे, रक्ती आवेचे शिगेला आणि जुलाब करणारे ई. कोलाय असे जंतू सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात साध्या खोलीत १६ तास नुसतं ठेवून दिलं. मग त्यातून जंतू वाढवून बघितले तर एकही उगवला नाही. पाण्यात उतरलेलं तांबं मोजलं तर लिटरला साधारण ०.१८ मिलिग्रॅम भरलं, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅमची आहे. आपलं भारतीय मानक जरा कडक, त्यात पसंतीची पातळी ०.०५ आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालेल असं दिलंय, म्हणजे हे पाणी पसंतीच्या वर पण चालणाऱ्याच्या बरंच आत. पितळेवरही असंच काम २००५ च्या सुमारास झालंय, तिथं ई. कोलाय संपायला ४८ तास लागले होते, कारण पितळेत जस्त पण असतं, तांबं तेवढं कमी.

आता उरलेलं अर्धं. १६ तास म्हणजे १६ तास. तुम्ही सकाळी भरलं आणि दुपारी प्यायलात तर त्या अभ्यासाचा तुम्हाला काही उपयोग नाही, आणि रोज थोडं काढून वरून टाकीतलं पाणी ओतत राहिलात तर घड्याळ दर वेळी शून्यावर येतं, ते नव्या पाण्याबरोबर आलेल्या जंतूला कुठं माहिती असतं की हा हंडा सोमवारपासून भरलाय. दुसरं, त्यात बॅक्टेरिया तपासले होते, काविळीचे व्हायरस नव्हते तपासले. तिसरं म्हणजे आपल्याकडं बोअरचं पाणी मिसळलं की हंड्याला आतून पांढरा थर धरतो, आणि हे मी आजच्या सगळ्या उत्तरांत पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, तांबं लांबून काही करत नाही, धातूची आणि पाण्याची गाठ पडावी लागते, मधे क्षारांचा थर बसला की हंडा नावालाच तांब्याचा. चिंच नाहीतर लिंबू-मिठाने घासा, आतून लालसर दिसला पाहिजे, आणि घासल्यावर खळखळून धुवा. हंड्याला आतून कल्हई असेल तर पाण्याला लागते ती कथील, तांबं नाही, तेव्हा तो हंडा या कामाचा नाही.

मिस्टरांच्या पट्टीचं म्हणाल तर नाही ओ. हंड्यात पाणी चारी बाजूंनी तांब्याला टेकलेलं असतं, हजार लिटरच्या टाकीत एक वीतभर पट्टी म्हणजे जवळजवळ काहीच नाही. टाकीसाठी क्लोरीनच. त्याच्या बाटलीवर किती लिटरला किती थेंब ते लिहिलेलं असतं, तेवढं घालून अर्धा तास थांबायचं. क्लोरीन घातलेलं पाणी मात्र लगेच तांब्यात भरून ठेवू नका, त्यानं धातू जास्त झिजतो आणि पाण्याला कसातरीच वास-चव येते. मी तुमच्या जागी असते तर आधी गाळून उकळलं असतं, गार झाल्यावर रात्री घासलेल्या हंड्यात भरून दुसऱ्या दिवशी वापरलं असतं. म्हणजे उकळल्यावर जे जंतू हाताबिताने पुन्हा येतात त्यांच्यासाठी तांबं, सासूबाईंचाही मान राहतो. काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, गडू बुडवताना चार बोटं पण बुडतात. आणि झाकण! पाच दिवस उघडं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायचीच.

प्रश्न : तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत नेलं तर चालेल का? उन्हाळ्यात शेतावर जाताना सोपं पडतं. (मोहोळ)

उत्तर : नाही. लिंबू, ताक, चिंचेचं सार, कैरीचं पन्हं, आंबट काहीही नको. आंबटात तांबं भराभर उतरतं आणि मग मळमळ, उलट्या, पोटात मुरडा. जुन्या लोकांनी भांड्यांना कल्हई लावली ती काय हौस म्हणून नाही लावली. साधं पाणी न्या, सरबत स्टीलच्या बाटलीत.

प्रश्न : मी एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला सिस्टर आहे, गाव छापू नका. एक सेल्समन येऊन गेला, म्हणतो बेडचे कठडे, सलाईन स्टँड, दाराची हँडलं तांब्याची करून घ्या, एमआरएसए-बिमारएसए सगळी इन्फेक्शन शून्यावर, पुसापुशीची पण गरज नाही. सर विचारतायत घ्यावं का. खरंच एवढं असतं का तांब्यात?

उत्तर : सिस्टर, त्याच्या बोलण्यातला 'शून्य' आणि 'पुसायची गरज नाही' एवढा भाग काढून टाका, उरलेलं ऐकण्यासारखं आहे. हा विषय माझ्या आवडीचा आहे म्हणून जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

ही गोष्ट आधुनिक हॉस्पिटलात पहिल्यांदा नीट लिहून ठेवली ती अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात, १९८३ साली, फिलिस कून नावाच्या मायक्रोबायोलॉजिस्ट बाईंनी. त्यांनी दाराच्या मुठींवरचे जंतू तपासायला लावले, तर चकचकीत स्टेनलेस स्टीलवर जंतू मजेत आणि मळकट दिसणाऱ्या पितळी मुठींवर अगदी कमी. आपल्याला डोळ्यांना जे स्वच्छ वाटतं ते स्टील जंतूला काहीच करत नाही, ते फक्त पुसायला सोपं आहे. तरी जगभर हॉस्पिटलातून पितळ काढून स्टील बसवत गेले, कारण ते काळं पडत नाही आणि घासावं लागत नाही.

पुढं इंग्लंडच्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात बिल कीव्हिल यांच्या टीमने एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस, धातूंवर ठेवून बघितला. स्टीलवर तो तीन दिवसांनी पण जिवंत, शुद्ध तांब्यावर दीड तासात खलास. आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून नोंदणी दिली, घन पदार्थाला असा मान पहिल्यांदाच. त्यांच्या लेबलवर लिहायला परवानगी आहे ती अशी, की नियमित साफ केलेल्या पृष्ठभागावर ठरावीक बॅक्टेरिया २ तासांत ९९.९ टक्के मरतात, आणि त्याच लेबलवर हेही लिहावंच लागतं की हे नेहमीच्या स्वच्छतेला जोड आहे, बदली नाही. सेल्समनने पहिला भाग वाचला, दुसरा गिळला.

कसं मरतात ते पण सांगते, कारण त्यावरच तुमचा निर्णय आहे. तांब्यावरून तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण, सुटतात, ते जंतूचं बाहेरचं आवरण फोडतात, आत शिरतात, श्वसनाची यंत्रणा बंद पाडतात, आणि शेवटी त्याच्या डीएनएचे पण तुकडे होतात. एका जागी घाव घालणाऱ्या अँटिबायोटिकला जंतू पळवाट काढतो, इथं चारी बाजूंनी घाव असल्यामुळे पळवाट अवघड जाते, अशक्य मात्र नाही, तांबं बाहेर फेकणारे पंप काही जंतूंकडं असतातच. गंमत म्हणजे कोरड्या तांब्यावर हे काम ओल्यापेक्षा लवकर होतं, कधी कधी मिनिटांत. पण रक्त, थुंकी, तेल, मलम असं काही वर सांडलेलं असेल तर जंतू त्या थरात लपतो आणि तांबं खाली नुसतं बसून राहतं. म्हणून पुसणं आलंच. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं झोपी गेलेलं रूप, करणारे जंतू असतील तर वेळ फार जास्त लागतो.

आता खरा प्रश्न, पेशंटला फायदा होतो का. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या तीन हॉस्पिटलांच्या आयसीयूचा अभ्यास आला, काही खोल्यांत बेडचे कठडे, जेवणाचं टेबल, सलाईन स्टँड, खुर्चीचे हात अशा मोजक्या वस्तू तांब्याच्या केल्या होत्या. त्या वस्तूंवरचे जंतू साध्या खोल्यांपेक्षा ८३ टक्के कमी होते, आणि हॉस्पिटलात लागणारी इन्फेक्शनं ५८ टक्क्यांनी कमी निघाली. आकडा ऐकून कोणीही भारावून जाईल. पण त्या आकडेमोडीवर नंतर काही तज्ज्ञांनी बोट ठेवलं, आणि सगळे अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यांत फायदा दिसतो पण इतका नाही, शिवाय पुरावा कमकुवत म्हणूनच नोंदवलाय. वस्तूवरचे जंतू कमी होणं पक्कं आहे, पेशंटचं इन्फेक्शन किती कमी होईल ते तेवढं पक्कं नाही, कारण आयसीयूत जंतू फक्त कठड्यावरून थोडेच येतात, ते येतात कॅथेटरमधून, व्हेंटिलेटरच्या नळीतून आणि सगळ्यात जास्त तुमच्या-आमच्या हातांवरून. आपल्याकडच्या आयसीयूंना जास्त छळतात ते क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर, ते पण लॅबमध्ये तांब्यावर मरतात हे तपासलेलं आहे, पण लॅब वेगळी आणि रात्री तीन वाजता दोन सिस्टर नि बारा पेशंट ही परिस्थिती वेगळी, हे मी तुम्हाला काय सांगणार.

तेव्हा सरांना सांगा, आधी प्रत्येक बेडपाशी हात चोळायचं सॅनिटायझर आणि पुरेसा स्टाफ, ते झालं असेल आणि पैसे उरले तर तांबं. घ्यायचंच झालं तर त्या माणसाला विचारा की मिश्रधातूत तांबं किती टक्के आहे, ६० च्या खाली असेल तर सोडून द्या. भरीव आहे की नुसता मुलामा, आणि मुलामा किती वर्षं टिकेल. वर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा थर, आहे का, कारण चकाकी टिकावी म्हणून पारदर्शक लॅकर मारलेलं तांबं म्हणजे प्लास्टिकच झालं की ओ, जंतूला धातू लागणारच नाही. थोडं काळपट-तपकिरी झालेलं तांबं मात्र काम करतं, त्याला घाबरू नका, आणि मेणाचं पॉलिश तर मुळीच लावू देऊ नका. सुरुवात करायची तर पेशंटच्या जवळची, हात सारखे लागणारी चार ठिकाणं धरा. भिंतीला तांबं लावून काय करायचंय, भिंतीला कोण हात लावतं?

प्रश्न : कोरोनात सगळे म्हणत होते तांब्यावर व्हायरस टिकत नाही. म्हणून मी तेव्हापासून हातात तांब्याचं कडं घालतो, गड्ड्याच्या जत्रेतून घेतलेलं. उपयोग आहे ना? (एक काका, बाळीवेस)

उत्तर : काका, पहिलं वाक्य खरं आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या प्रयोगात कोरोनाचा जिवंत व्हायरस तांब्यावर ४ तासांनंतर सापडला नाही, पुठ्ठ्यावर २४ तासांनी नाही, पण स्टील नि प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला. रेल्वेने पण त्या वर्षी कपूरथळ्याच्या कारखान्यात तांब्याचा मुलामा दिलेल्या दांड्यांचा एक डबा करून दाखवला होता. पण कड्यावर जो व्हायरस पडेल तो मरेल, नाकात जाणारा कशाला मरेल? तो बिचारा कड्याकडं फिरकतच नाही. छान दिसत असेल तर घाला. खाली कातडी हिरवी पडली तर साबणाने धुवा.

प्रश्न : नातू सात महिन्यांचा आहे, वरचं दूध चालू केलंय. आमच्याकडं सासूबाईंच्या काळातलं पितळी पातेलं आहे, त्यात दूध तापवून ठेवलं तर जंतूही मरतील आणि ताकद पण येईल असं मला वाटतं, सून स्टीलच वापरते. तुम्ही तिला दोन शब्द सांगा. (एक आजी, बार्शी)

उत्तर : आजी, दोन शब्द तुम्हाला सांगते, सून बरोबर आहे. हे उत्तर मी हसतखेळत देणार नाहीये.

पूर्वी आपल्या देशात लहान मुलांचं लिव्हर कडक होऊन जायचं, सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुलं, पोट फुगायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं हाती लागायची नाहीत. याचा छडा लावण्यात आपल्या पुण्याचे डॉक्टर होते, डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित, इंग्लंडचे डॉ. टॅनर यांच्या बरोबर. १९८३ मध्ये त्यांनी मांडलं की या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं प्रचंड साठलेलं असतं आणि त्यांना लहानपणीच गाई-म्हशीचं दूध पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून, ठेवून दिलेलं असतं. दुधातलं प्रोटीन तांब्याला धरून ठेवतं, म्हणून त्याच भांड्यातल्या पाण्यापेक्षा दुधात ते कितीतरी जास्त जातं, आणि तान्ह्या बाळाच्या लिव्हरला ते बाहेर टाकता येत नाही. कल्हई असायची म्हणता, पण ती उडालेली कोणाच्या लक्षात यायची? घराघरात स्टील आलं आणि हा आजार बघता बघता दुर्मिळ झाला, आताच्या तरुण डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला असतो.

जंतूला जे मारतं ते जास्त झालं की माणसाच्या पेशीला पण सोडत नाही, बाळाच्या तर नाहीच. दूध स्टीलमध्ये, उकळून. बाळासाठीचं पाणीसुद्धा तांब्याच्या भांड्यातलं नको. ज्यांना विल्सनचा आजार आहे, म्हणजे शरीरात तांबं साठत जातं, त्यांनीही तांब्याचं भांडं घरातल्या देवापुरतंच ठेवावं. पातेलं विकू नका मात्र, त्यात फुलं ठेवा, छान दिसतात.

प्रश्न : मॅडम, मी डाळिंबवाला, सांगोला. तुम्ही म्हणता तांब्याने जंतू मरतात. आम्ही तेल्यासाठी, म्हणजे डाळिंबावर तेलकट डाग पाडणाऱ्या रोगासाठी, बोर्डोची फवारणी मारून मारून थकलो, पाऊस झाला की तेल्या परत हजर. मग आमच्याच बागेत तांबं का हरतंय?

उत्तर : दादा, आजच्या टपालातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. तेल्याचा जंतू म्हणजे झँथोमोनास, हा पण बॅक्टेरियाच, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, मोरचुदात तांबंच. बोर्डोचा जन्मच मजेशीर आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं लोक तोडून न्यायचे, म्हणून बागवाले मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे, दिसायला विषारी दिसावं एवढ्यासाठी. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की या कडेच्याच वेली केवडा नावाच्या रोगापासून वाचल्यात, आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. आपल्या पंढरपूर-बार्शीच्या द्राक्षवाल्यांनी त्या चोरांचे आभार मानायला हरकत नाही.

तर तुमच्या बागेत काय होतं. तांबं पानावर बसतं, पानाच्या आत जात नाही. जंतू बाहेर आहे तोवर त्याची तांब्याशी गाठ पडते, एकदा का तो गारपिटीच्या, काट्याच्या, छाटणीच्या जखमेतून नाहीतर पानाच्या छिद्रातून आत गेला की वरून किती निळं करा, आत तो सुरक्षित. म्हणजे बोर्डो हे डाग दिसल्यावर मारायचं औषध नाही, डाग दिसायच्या आधी, छाटणी झाल्या झाल्या आणि पावसाच्या आधी घालायचं चिलखत आहे. आणि पाऊस जोरात झाला की ते धुऊन जातं, वाढणाऱ्या झाडाला रोज नवी पालवी येते तिच्यावर तर कधी बसलेलंच नसतं.

करण्यात पण चुका होतात. एक टक्का म्हणजे १०० लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चांगला चुना, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र, आणि त्याच दिवशी संपवायचं, उरलेलं उद्या नाही. लोखंडाचा घासलेला खिळा त्यात बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय, पानं जळतील. पण कितीही बरोबर केलंत तरी एकट्या तांब्यावर भिस्त ठेवू नका. टोमॅटोवरच्या झँथोमोनासमध्ये तांब्याला न जुमानणारे प्रकार अनेक देशांत सापडलेत, वर्षानुवर्षं तेच ते मारल्याचा परिणाम. आणि तांबं काही उडून जात नाही, ते मातीत साठतं, गांडुळांना नि चांगल्या बुरशांना त्रास देतं. रोगट फांद्या-फळं काढून बागेबाहेर जाळणं, कात्री प्रत्येक झाडाला निर्जंतुक करणं, पावसाळ्यातला बहार टाळता आला तर टाळणं, याशिवाय तेल्या हटत नाही. आपल्या सोलापुरात केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे २००५ पासून, पुढच्या छाटणीआधी एक चक्कर मारून फवारणीचं वेळापत्रक घेऊन या, दुकानदाराला विचारण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचं टॉवेलचं युनिट आहे. एक्स्पोर्टवाले विचारतात अँटीबॅक्टेरियल टॉवेल देता का. तांब्याचा धागा घालून 'जंतू मारणारा टॉवेल' म्हणून विकता येईल?

उत्तर : करता येईल. कॉपर ऑक्साइडचे बारीक कण धाग्यातच बसवलेली कापडं जगात विकली जातात, मोज्यांत, उशीच्या अभ्र्यांत वगैरे. पण तांब्याच्या द्रावणात बुडवून काढलेलं सुती टॉवेल चार धुण्यांत रिकामं होतं, आणि टॉवेल ही वस्तू तर धुण्यासाठीच जन्माला आलेली. म्हणून आधी लॅबमधून आयएसओ २०७४३ किंवा एएटीसीसी १०० ची टेस्ट, म्हणजे कापडावर जंतू किती मरतात ते मोजायची ठरलेली पद्धत, करून घ्या, नव्या टॉवेलची नाही, तीस-चाळीस धुण्यांनंतरच्या टॉवेलची. त्यात जे निघेल तेवढंच लेबलवर छापा. 'रोग होत नाहीत' असलं काही छापू नका, अमेरिका-युरोपात असल्या दाव्यांना वेगळे कायदे आहेत, कंटेनर बंदरात अडकून पडला म्हणजे सगळा नफा तिथंच. रंगाचाही विचार करा, तांबं घातलं की पांढरा शुभ्र टॉवेल विसरायचा. मला विचाराल तर ओला टॉवेल नीट पिळून उन्हात वाळवणारं गिऱ्हाईक असेल तर त्याला या टॉवेलची गरज नाही, पण मी काय धंदा करत नाही.

प्रश्न : घरात चांदीचं नाणं पाण्यात टाकायची पद्धत आहे. चांदी भारी का तांबं? (साखर पेठ)

उत्तर : किमतीत चांदी, कामात तांबं. चांदीचे आयन पण जंतू मारतात पण चांदीला त्यासाठी भरपूर ओल लागते, साध्या खोलीतल्या कोरड्या हवेत चांदीच्या लेपावर जंतू आरामात राहतात आणि तांब्यावर मरतात, असं तुलनेत दिसलंय. आणि हंड्यात एक नाणं म्हणजे वरच्या टाकीतल्या पट्टीचीच धाकटी बहीण.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या लिफ्टच्या बटणांवर तांब्याची चिकटपट्टी लावावी असा ठराव येणार आहे. मी सेक्रेटरी आहे, काय सांगू मीटिंगमध्ये? (जुळे सोलापूर)

उत्तर : सांगा की कल्पना वाईट नाही, पण एक माणूस बटण दाबून गेला आणि दुसरा दहा सेकंदात आला तर तांब्याला तेवढ्यात काही करता येत नाही, त्याला मिनिटं-तास लागतात. फायदा होतो तो रात्रभरात, दोन माणसांच्या मधल्या मोकळ्या वेळात. पट्टी साधी हवी, लॅकरची नको, आणि पुसायचं काम कोणाकडं ते ठरावातच लिहून घ्या, नाहीतर पंधरा दिवसांत तिच्यावर तेलकट बोटांचा थर आणि खाली तांबं उपाशी. माझ्या मते दाराची पितळी मूठ-कडी, जिन्याचा कठडा इथं खर्च केलात तर जास्त उपयोग. बटणांवर लावायचंच असेल तर आधी लिफ्टच्या मेकॅनिकला विचारा, तांब्यातून वीज जाते, पट्टीचं टोक बटणाच्या फटीत गेलं तर भलतंच व्हायचं.